उपकेंद्रातल्या चार बॅटऱ्या

सेवेतल्या कितीतरी चौकशा विसरलो. उपकेंद्रातल्या चार बॅटऱ्यांची चौकशी मात्र विसरता आलेली नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात विजेची तार पोहोचली नव्हती. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात लसींचा फ्रिज आणि बाळंतपणाच्या खोलीतला दिवा सौरपॅनेलवर चालत. पॅनेल आणि चार नव्या बॅटऱ्या बसवून सहा महिने होतात तोच दिवा अर्ध्या तासात विझू लागला. लसी फेकाव्या लागल्या.

त्याच आठवड्यात ठाण्यात निनावी फोन आला. "चौकीदार को पकड़ो साहब. नई बैटरी बेच दी, पुरानी रख दी."

ठाणे दैनंदिनीत नोंद करून आम्ही पंचनामा केला. बॅटऱ्या खरोखर जुनाट दिसत होत्या. टोकांवर हिरवट थर, झाकणांवर पांढरे डाग, स्टिकर गळालेले. खोलीची किल्ली चौकीदाराकडेच असे. पॅनेल बसवणाऱ्या कंत्राटदाराने पाहून लेखी दिले, हा माझा माल नाही. गुन्हा दाखल झाला.

चौकीदार पन्नाशीचा, रोजंदारीवरचा. गावच्या तलावाचे पाणी सांभाळणारे त्याचे घराणे. अटक झाली की काम जाणार, हे त्याला माहीत होते. तरी तो गयावया करत नव्हता, आणि त्यामुळेच माझा संशय वाढला.

हेडकॉन्स्टेबलने दरडावले, "कुठं इकल्या सांग. का भातासंगं शिजवून खाल्ल्या?"

"मी कायले इकू जी? रोज पुसून राहिलो त्यायले."

दिवसभर हेच चालले. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "सकाळी आल्यापासून काय काय करतोस, ते सांग."

"झाडतो. मंग बॅटरीत पानी टाकतो."

"कोणतं पाणी?"

"बोडीचं. फडक्यानं गाळून टाकतो जी, तोंडापावतर. आमच्या घरी पानी कमी पडू देत नाहीत."

गावच्या तळ्याचे पाणी रोज, काठोकाठ. मी गोंदियाजवळच्या कुडव्याहून गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका मेकॅनिकला सोबत घेतले आणि उपकेंद्र गाठले. त्याने एक झाकण उघडले आणि हसला. "चोरी नहीं साहब, डुबा के मारा है इसको." पाणी जास्त झाले की चार्जिंगच्या वेळी आतले ॲसिड उतू जाते, बॅटरी निकामी होते आणि नवी असूनही जुनी दिसू लागते, असे त्याने सांगितले. सोड्याच्या पाण्याने थर पुसल्यावर खोक्यावर कोरलेले क्रमांक दिसले. उपकेंद्राच्या नर्सच्या फाइलमधल्या चलनाशी चारही जुळले. बॅटऱ्या बदललेल्याच नव्हत्या.

आता संशयाची दिशा बदलली. निनावी फोन कंत्राटदाराच्या दुकानाशेजारच्या पीसीओवरून आला होता. तो कंत्राटदारानेच केला होता, हे पीसीओवाल्याने सांगितले. हमीच्या मुदतीत बॅटरी निकामी झाली तर ती त्यालाच बदलून द्यावी लागे. चोरीला गेली तर नाही. देखभालीचे प्रशिक्षण दिल्याच्या कागदावर चौकीदाराची सही होती.

"खरंच शिकवलं होतं?" मी कंत्राटदाराला विचारले.

"सिखाने का टाइम किसके पास है साहब? साइन तो लिया है ना उसका."

तक्रार खोटी ठरवून मी न्यायालयात 'ब समरी' अहवाल पाठवला आणि कंत्राटदारावर स्वतंत्र कारवाई केली. पण चौकीदाराचे काम तोवर दुसऱ्याला दिले गेले होते. ठाण्यात बसवलेला माणूस चोर, हे गावाला तासाभरात कळते. तो चोर नव्हता, हे सांगायला मला स्वतः ग्रामसभेत उभे राहावे लागले. त्याला परत घ्यायचे ठरले.

या प्रकरणाने एक सवय लावली. माणसाने काय केले हे विचारण्याआधी त्याला काय सांगितले गेले होते, हे मी विचारू लागलो.

सभा उठताना चौकीदार पुढे आला. राग दिसला नाही. "मंग साहेब, पानी कोनतं टाकू?"

मेकॅनिकला विचारून घेतले होते तेच सांगितले. "फक्त डिस्टिल्ड वॉटर. बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर, खुणेपर्यंतच. टोकांना व्हॅसलीन लावा. रोज पुसायचं ते पॅनेल, आणि महिन्यातून एकदाच बघायचं ते पाणी."

त्याने ते दोनदा म्हणून पाठ केले. मग म्हणाला, "हे आधी सांगतलं असतं तर?"