आमच्या वाडीचा वाघ आणि त्याची शेपटी

माझे वडील वर्षातून एक दिवस वाघ असतात. बाकीचे दिवस ते निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत, पण ही ओळख ते आपणहून कुणाला सांगत नाहीत.

मसुऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. दिवाळीच्या हंगामात, भातकापणी उरकत आली की आमच्याकडे वाघबारस येते. एक जण वाघ होतो, अंगाला हळद फासून वर कोळशाचे पट्टे ओढतो आणि सगळी वाडी आरडाओरडा करत त्याला देवळापासून व्हाळापर्यंत पिटाळते. व्हाळ म्हणजे ओढा, तीच आमची वेस. वाघ पाणी ओलांडून पलीकडे गेला की खरा वाघ वर्षभर गोठ्यात शिरत नाही. (बिबट्याला आमच्याकडे वाघच म्हणतात. गोठ्यात शिरलेल्याची जात कोण विचारत बसतो?) पण व्हाळाच्या अलीकडे कुणाचा हात वाघाला लागला, तर त्याचं वाघपण संपलं. पुढच्या वर्षी दुसरा वाघ, आणि हा कायमचा माणूस.

बाबा माझ्या जन्माआधीपासून वाघ आहेत आणि आजवर कुणाच्या हाताला लागलेले नाहीत. यंदा मात्र गुडघ्याने दगा दिला. डॉक्टरांनी जिने चढायला बंदी केली. बाबांनी त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला. "पळूक नको म्हणान नाय सांगल्यान. चढूक नको म्हणान सांगल्यान. व्हाळ खाली आसा."

आईचा मला ओरोसला ऑफिसात फोन आला, "बाय गो, ये आणि बापाशीक समजाव." मी रजा मागायला साहेबांकडे गेले. साहेब घाटावरचे. म्हणाले, कसलं काम आहे? मी म्हटलं, वडील वाघ होणार आहेत, त्यांना अडवायचं आहे. साहेबांनी माझ्याकडे बघत बघतच सही केली.

घरी पोचते तर आई पडवीत बसून आपल्या जुन्या पिवळ्या साडीची शेपटी शिवत होती.

"अगं, तू मला समजवायला बोलावलंस ना?"

"मी समजावलंय. आयकणत नाय. मगे शेपटी तरी बरी नको?"

शेपटी खरंच बरी झाली होती. बरी म्हणजे वाघापेक्षा लांब. बाबा आरशासमोर उभे राहून ओठांवर मिशांसाठी झाडूचे हीर चिकटवत होते आणि सारखे शिंकत होते. दर शिंकेला एक मिशी गळायची. मी समजवायला म्हणून तोंड उघडलं आणि मला हसू फुटलं. बाबांनी ते संमती म्हणून घेतलं.

मग मला काम मिळालं, आमच्या कुत्र्याला धरायचं. त्याला बाबा कसल्याही रंगात ओळखू येतात. मागच्या वर्षी तो वाघाच्या शेजारून शेपूट हलवत थेट व्हाळापर्यंत गेला होता आणि ते बाबांना फार लागलं होतं. कुत्रा ज्याला भीत नाही तो कसला वाघ?

देवळासमोर गावकरांनी गाऱ्हाणं घातलं. गावकर म्हणजे देवापुढे गावाच्या वतीने बोलण्याचा मान असलेले, बाबांच्याच वयाचे गृहस्थ. ते एकेक मागणं मागतात आणि बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं असतं. शेवटचं "व्हय म्हाराजा" झालं आणि वाघ पळाला.

सुरुवात झोकात झाली. बाबांनी भातशेतीचा पहिला कुणगा असा पार केला की बायकांनी ताटल्या बडवल्या. दुसऱ्या कुणग्याच्या मेरेवरून, म्हणजे बांधावरून, उतरताना गुडघा वळला. ते पडले नाहीत, पण नंतरचं त्यांचं चालणं पळणं नव्हतंच. एक पाय वाघाचा आणि एक निवृत्त शिक्षकाचा.

वाघाला पिटाळणाऱ्यांची पुढची फळी सगळी बाबांच्या जुन्या विद्यार्थ्यांची. आता यांनी थांबावं तर वाघाचा अपमान, आणि पळावं तर वाघ हातात. मग त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते दुप्पट ओरडायला लागले आणि जागच्या जागी पळायला लागले! हात जोरात चाललेत, गुडघे छातीला लागतायत, आणि माणूस पुढे वीतभर. वाडीतला रिक्षावाला तर सपाट जमिनीवर मुद्दाम आपटला, आणि त्याच्यावर अडखळायला लोक लांबून चालत आले. मेरेवर पोट धरून बसण्याची वेळ आली माझ्यावर.

कुत्र्याला यातलं काही समजावलेलं नव्हतं. त्याने पट्ट्यातून मान काढली, सगळ्यांना मागे टाकलं आणि वाघाची शेपटी तोंडात धरली.

ओरडा एकदम बंद झाला. व्हाळ समोर दिसत होता. बाबा तसेच उभे राहिले, मागे न बघता. हळदीखाली त्यांचा चेहरा उतरलेला मला तिथूनही कळला. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मला रडू यायला लागलं. या माणसाला कायमचं माणूस झालेलं मला बघायचं नव्हतं.

तेवढ्यात गावकरांनी हात जोडले आणि भर कुणग्यात गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज वाघाची शेपटी कुत्र्यान धरल्यान. पण ती शेपटी वाघाची न्हय, ती तेच्या बायलेच्या साडयेची आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि नियम हात लागण्याचो आसा. कुत्र्याक हात आसत काय म्हाराजा?"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी सवयीने गरजली.

गावकर गर्रकन वळले. "नाय म्हणा रे, मेल्यांनो!"

"नाय म्हाराजा!"

देवाच्या दरबारी आमच्या वाडीने पहिल्यांदाच नाही म्हटलं असेल. बाबांनी एक हिसका दिला, शेपटी कुत्र्याच्या तोंडात राहिली आणि बिनशेपटीचा वाघ लंगडत पाण्यात उतरला. पलीकडच्या काठावर पोचून ते वळले आणि अशी डरकाळी फोडली की कुत्रा शेपटी टाकून माझ्या पायात येऊन बसला. मी आनंदाने इतकी किंचाळले की बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

अंघोळ करून आलेल्या वाघाला पहिली खीर वाढतात. आमच्या पडवीत बाबा पाय पसरून खीर खात होते आणि आई गरम तेलाने गुडघा चोळत होती. चोळता चोळता म्हणाली, "फुडल्या वर्सा आखूड शिवतलंय."

बाबांनी खिरीची वाटी चाटूनपुसून संपवली. ती तेल गरम करायला आत गेली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. कानामागे हळद तशीच राहिली होती.

"त्या पोरांक सांग गो," ते हळूच म्हणाले, "फुडल्या वर्सा वायच जोरान धावा. न्हायतर वाघाक कळता."