बर्फाचे वैरी

अख्ख्या जुन्नर तालुक्यात बर्फाचा एवढा दुस्वास करणारा माणूस दुसरा सापडायचा नाही. लग्नात आइस्क्रीमच्या टेबलाकडे पाठ करून बसतील, रसवंतीवाल्याला “बर्फ टाकशील तर गिलास तुझ्याच डोक्यावर ओतीन” असा दम भरतील. आणि गंमत म्हणजे, या आमच्या मामेसासऱ्यांची उभी हयात खोडदजवळ दुधाच्या चिलिंग सेंटरवर गेली! गार ते चांगलं, एवढं एकच तत्त्वज्ञान त्यांनी जन्मभर पाळलं. मी सासुरवाडीला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी नेलेले पेढेसुद्धा त्यांनी बर्फात ठेवून दिले होते.

ते तत्त्वज्ञान बुडालं माझ्या लेकीपायी. पाच वर्षांच्या ओवीला ब्लड कॅन्सर निघाला. मोठे उपचार पुण्याला आणि मधली औषधं-तपासण्या आमच्या भागातल्या लहान हॉस्पिटलात, असं ठरलं. तिथल्या डॉक्टरीणबाई हुशार, पण रक्तपेढी नाही. एका सकाळी पोरीच्या नाकातलं रक्त थांबेना. प्लेटलेट पुण्याहून आणायला मामा पळाले. रक्तपेढीत त्यांना बजावून सांगितलं होतं. पण दुधातल्या माणसाला गारव्याबद्दल कोण शिकवणार? ऊन लागू नये म्हणून त्यांनी पिशवी मायेनं बर्फात गाडून आणली! बाईंनी डबा उघडून कपाळावर हात मारला. “मामा, या गारठल्या की कामातून गेल्या. साध्या हवेत ठेवायच्या आणि हळूहळू हलवायच्या.” मला इतका संताप आला की मी तोंडच फिरवलं. मामा घोटभर पाणीही न पिता उलट्या पावली पुण्याला गेले. दिवस मावळायच्या आत दुसरी पिशवी आली, चढली आणि रक्त थांबलं.

पुढं पिशवी आणायची ती मामांनीच. एसटीत डबा मांडीवर, वर उपरणं, आणि गाडी सुटल्यापासून झोका सुरू. “एवढ्या वाटेत नाही हलवल्या तरी चालतं,” असं बाईंनी सांगून पाहिलं. “चालतं म्हंजे बरं नव्हं,” मामा म्हणाले. एकदा शेजारच्या बाईनं कौतुकानं विचारलं, “केवढं हो लेकरू?” “कालचं हाय, ताई. पाच दिसांच्या आत वापराया लागतंय.” ती बिचारी राजगुरुनगरपर्यंत उभ्यानं गेली. पुढंपुढं घरीसुद्धा त्यांचे हात थांबेनात. मामी करवादायच्या, “आवो, भाकरीचं ताट हाय त्ये, पोर नव्हं!”

या चैत्रात ओवीची औषधं बंद झाली. आता नुसती तपासणी. महाळुंग्याच्या यात्रेत तिनं बर्फाच्या गोळ्याचा हट्ट धरला. इतके दिवस तिला बाहेरचं काही चालत नव्हतं. बाईंची परवानगी होती, प्रश्न मामांचा होता. मामा उठले, पोरांच्या घोळक्यात उभे राहिले आणि आपला वैरी काडीवर धरून तिच्यापुढं आले. हात सवयीनं हलत होता, लाल पाणी तिच्या फ्रॉकवर ठिबकत होतं.

“आजोबा, नका ना हलवू! मी बरी झाले आता,” म्हणत ओवीनं त्यांचा हात दोन्ही हातांनी धरला.

“व्हय की,” मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. “मला वाटलं व्हतं, हात थांबलाय.”

मला त्या दिवशी फिरवलेलं तोंड आठवलं. माफी मागायची होती. “मामा, मलाही एक आणा,” एवढंच म्हणालो. त्यांनी आणला, तोही हलवतच.