अण्णांचा परदेश

माझ्या बंगळूरच्या घरमालकांइतका परदेशावर जीव टाकणारा आणि परदेश न पाहिलेला माणूस साऱ्या म्हैसूर राज्यात दुसरा नसेल. सगळे त्यांना अण्णा म्हणत. मल्लेश्वरमच्या घरात पुढच्या दोन खोल्यांत त्यांची बालवाडी आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. लहान मुलं खेळताना काय काय करतात ते अण्णा परदेशातल्या प्राध्यापकांना विमानाच्या टपालाने कळवत आणि उत्तराची वाट बघताना अंगात कोट चढवत. पोस्टमनसमोर नुसत्या सदऱ्यावर जाणं हा त्यांच्या मते त्या प्राध्यापकांचा अपमान. त्या कोटाला तपकिरीचा वास कायमचा. मुलांना कळू न देता त्यांचं निरीक्षण करावं, असं कुठेसं वाचल्यापासून ते पडद्यामागे उभे राहत. पडदा आखूड, खालून पावलं उघडी. मुलं येताजाता त्या पावलांवर चिंचोके मांडत. अण्णा हलत नसत. हललं की निरीक्षण बिघडतं!

मी जागा बघायला गेलो तेव्हा पहिला प्रश्न, "शिक्षण?" मी छाती काढून सांगितलं, "बी. ए. आमच्या घराण्यातला पहिला."

"वडिलांचं?"

"अंगठा."

"वा! फार छान!" अण्णा खुर्चीतून उठलेच. "असं घर संशोधनाला सहसा मिळत नाही हो. मूल आहे ना?"

मला राग आला होता. पण आमची कुंदा तोवर त्यांच्या कोटाच्या खिशात हात घालून बसली होती.

अखेर एक परदेशी बाई खरोखरच आल्या. निरनिराळ्या देशांतल्या मुलांवर त्या एकच प्रयोग करत होत्या. आईने मुलाला खोलीत सोडून जायचं आणि मूल काय करतं ते पाहायचं. ठरलेली वेळ होईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही. हे जमलं तर अण्णांची बालवाडी त्या कामात सामील होणार होती आणि अण्णा बाईंच्या देशात जाणार होते. पहिली पाळी कुंदाची. कुंदाच्या आईने बाहेर येऊन दार लोटलं. आत अण्णा एकटे, हातात घड्याळ. खिडकीच्या फटीतून बाई आणि मी बघत होतो. कुंदा दारापर्यंत गेली, रडली आणि मग अण्णांचा कोट ओढू लागली. अण्णांनी छताकडे पाहिलं. "अण्णा, कडेवर घे ना." मग घड्याळ खिशात गेलं आणि कुंदा खांद्यावर. "साकु, साकु, पुट्टी." पुरे, पुरे, पोरी म्हणायला अशा वेळी त्यांना कानडीच सुचायचं.

बाई चांगल्या होत्या. कॉफी घेतली, कुंदाचा गालगुच्चा घेतला आणि नियम मोडतात तिथे काम होणार नाही, असं हळूच सांगून गेल्या. अण्णा नुसते "सरी, सरी", बरं, बरं, म्हणत राहिले. त्यानंतर ते पोस्टमनसमोर सदऱ्यावरच जात.

एकदाच मला म्हणाले, "पदवीधर, स्वल्प दम धरायला हवा होता हो."

"अण्णा, पोर रडत होती."

"सगळ्याच देशांतली रडली असतील. तिथली माणसं बसलीच ना गप्प?"



पुढे आम्ही माझ्या नोकरीच्या कारखान्याच्या वसाहतीत राहायला गेलो. काही वर्षांनी अण्णा वारले. कुंदा आता कॉलेजात जाते. परवा शेजारच्या आजोबांनी तपकीर ओढली, तशी ती थबकली. म्हणाली, "बाबा, लहानपणी मला कुणीतरी खांद्यावर घ्यायचं. त्यांच्या कोटाला असा वास यायचा. कोण हो ते?" ती खोली, त्या बाई, ते रडणं, तिला काही आठवत नाही. तेवढा वास आठवतो.

हे ऐकायला अण्णा हवे होते. त्यांनी त्याच दिवशी विमानाच्या टपालाने ते बाईंना कळवलं असतं आणि कोट चढवून फाटकाशी उभे राहिले असते.