पायडलवर पाय नव्हता
कारखान्यातली पत्रा दाबायची प्रेस एके दिवशी आपोआप खाली आली. ऑपरेटरचा हातमोजा चेपला. हात त्यांनी कसाबसा काढला. मालक म्हणाले, यांनीच पायडल दाबलं असणार. आणि मी, त्या प्रेसचा प्रोग्रॅम लिहिणारी शहाणी, सगळ्यांसमोर ठणकावून सांगितलं, "माझ्या प्रोग्रॅममधी असलं काही होत न्हाय!" झालं. मुरगूडच्या त्या ऑपरेटरला तिथल्या तिथं घरी बसवलं.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "ताई, पाय पायडलवर नव्हताच की. एकदा बघा तरी."

मला रागच आला. खरं सांगायचं तर भीती वाटली. त्यांना घेऊनच कारखान्यात गेले. मालक म्हणाले, "संध्याकाळपर्यंत बघा. उद्या नवा माणूस येतोय."

प्रेसची मोटर बंद केली, फक्त कंट्रोल चालू ठेवला. पायडलची वायरच काढून टाकली. प्रोग्रॅममध्ये जागोजागी 'इथं आलो' असं छापणाऱ्या ओळी घातल्या. दोन तास काही घडेना. अशा ओळींनी प्रोग्रॅम मंदावतो, मेमरीतल्या जागा हलतात आणि चूक दडी मारते. मालक घड्याळ बघत होते. ऑपरेटर माझ्याकडं.

त्या ओळी काढल्या आणि प्रोसेसरलाच पहाऱ्यावर बसवलं. त्याच्यात ही सोय मुळातच असते. मेमरीतली एक जागा सांगून ठेवायची. तिथं कुणी लिहिलं, की तो जागच्या जागी थांबतो आणि कुठल्या ओळीनं लिहिलं ते दाखवतो. 'पायडल दाबलं' ही नोंद होते ती जागा मी दिली. वायर काढलेली, म्हणजे आता तिथं कुणीच लिहायला नको होतं.

चार वाजून गेले. आणि स्क्रीन थांबली.

ओळ माझीच होती! प्रेसला लागणाऱ्या हवेचा दाब कमी झाल्याचा इशारा मी जागेपेक्षा एका अक्षरानं लांब लिहिला होता. ते अक्षर शेजारच्या जागेत सांडत होतं, पायडलच्या. गुपचूप दुरुस्त केलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. तो विचार मनात आला होता, आता खोटं कशाला बोलू?

"मालक, चूक माझी हाय. यांनी पायडल दाबलं नव्हतं."

ऑपरेटर खाली फरशीवरच बसले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ताई," ते म्हणाले, "हेच माझ्या पोरीला फोनवर सांगता काय? तीबी म्हणत हुती, आण्णा, चुकून दाबलं आसंल की."