उतारावर लावलेली गाडी

तो तपास अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. मी सातवी शिकलेला माणूस, शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पण हा गुन्हा मीच उघडकीला आणला, हे ठासून सांगतो.

जतकडच्या रस्त्यावर सकाळी एका मेंढपाळाला गाडीने उडवलं. मागून येणाऱ्या त्याच्या भावाला आणि तीन सोबत्यांना जुनी, पांढरी, लहान गाडी जाताना दिसली. नंबर दिसला नाही. दुसरं वाहन येईपर्यंत पाऊण तास गेला. माणूस तोवर जिवंत होता, पाणी मागत होता.

आमचे तरुण साहेब कॅमेऱ्यांचं चित्रण मागवत बसले. त्या रस्त्याला विजेचा खांब नाही, कॅमेरा कुठला? मी फाट्यावरच्या चहावालीकडे गेलो. ती म्हणाली, "तसल्या गाडीचा एकजण येतो बघा. उभ्यानं चहा पितो, पर गाडी बंद करत न्हाई. त्या दिसापास्नं आला न्हाई."

मी लगेच ओळखलं. माझी स्वतःची गाडी तिसऱ्या हाताची. तिचाही सेल्फ गेलेला होता. असली गाडी बंद केली की धक्का मारल्याशिवाय चालू होत नाही, म्हणून मालक ती उतारावर लावतो. साहेबांना म्हटलं, आता उतार शोधायचा. ते हसले. त्या सपाट मुलखात उतार म्हणजे तलावाचे बांध. तिसऱ्या गावच्या बांधावर ती सापडली. चाकाखाली दगड, डाव्या दिव्याला प्लास्टिक बांधलेलं.

मालकाच्या घरी त्या दिवशी नातवाचं बारसं होतं. मेंढपाळाच्या घरी बारावं.

गाडीमालक म्हणाला, दिवा बैलानं फोडला. दोन तास तेच. ठाण्यात न नेता मी त्याला गाडीपाशी आणलं आणि म्हटलं, बस, चालू कर आणि बंद करून परत चालू करून दाखव; फाट्यावर चहा पिताना ती बंद का करत नाहीस, ते कळू दे. तो खाली मातीतच बसला.

"पोरगी मागं कळा देत हुती, साहेब. पोर आडवं आलं हुतं. धडकेनं गाडी आचके द्याया लागली हुती, थांबलो असतो तर बंद पडली असती. मग ढकलायला कोन हुतं तितं?"

पंचांसमोर जबाब घेतला, अटक केली. बांधाखालच्या त्याच्या घरातून पाळण्याची गाणी ऐकू येत होती, ती थांबली.

मेंढपाळाच्या भावाला मी स्वतः जाऊन सगळं सांगितलं. तो बराच वेळ काठीच्या टोकानं माती उकरत राहिला.

"आमी चौघं हुतो की, आवं," तो म्हणाला. "त्येला मागं घालून ढकलली असती. दोघंबी दवाखान्यात गेली असती."

मी उभ्या नोकरीत खुनी पाहिले, दरोडेखोर पाहिले. हा तसला नव्हता. पळून जाणारा दर वेळी कायद्यालाच भितो असं नाही, हे मला तेव्हा कळलं. त्याला रस्त्यावरची चार माणसं दिसलीच नाहीत, बंद पडणारी गाडी तेवढी दिसली. आणि माझी गाडी रोज संध्याकाळी ठाण्यातले दोन शिपाई हसत हसत ढकलून द्यायचे. त्यांना कधी बोलवावंही लागलं नाही.