न वाळणारा रंग

थोरली धाकटीच्या घरून हसत निघाली, आणि तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला. त्या घरातून ती एरवी तोंड पाडूनच निघायची.

थोरली एका परदेशी रंगकंपनीच्या प्रयोगशाळेत होती. पत्र्याच्या पट्टीवर रंग फासायचा, बोट टेकवून वाळला का बघायचं, वाळवणारं द्रावण सुधारायचं. रंगाचा मूळ गर मात्र दुसऱ्याच देशातून सीलबंद डब्यांत यायचा. त्यात काय असतं, हे तिच्या साहेबालाही ठाऊक नव्हतं. इथे कुणीही कुणाचंही उचलतं आणि कोर्टात निकाल लागता लागत नाही, म्हणून कंपनीने कामाचे तुकडेच असे पाडले होते की एखादा चोरीला गेला तरी चोराच्या हाती काही लागू नये.

धाकटी आणि जावई असं उचलूनच मोठे झाले. कंपन्यांचे रंग बघून तसेच बनवायचे, निम्म्या भावात विकायचे. कारखान्याच्या एका शेडच्या दोन शेड झाल्या, मग बंगला. तो बंगला थोरलीच्या डोळ्यांत खुपायचा. कॉलेजात पहिली यायची ती, आणि कशीबशी पास होणारी धाकटी चारचौघांत म्हणायची, "ताईला रंग वाळताना बघायचा पगार मिळतो. मजा आहे बाई!" थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आज जेवताना धाकटी लाडात आली. "ताई, ते तुमचं वाळवायचं औषध सांग ना गं. उद्यापासून सगळा माल त्यावरच काढते."

"आधी थोडं करून बघशील ना?" आईने विचारलं.

"कंपनीने तपासलंय की! आम्ही नाही बाई बोटं टेकवत बसत."

थोरलीने तिथल्या तिथे सगळी कृती सांगून टाकली. धाकटीने तिला मिठीच मारली.

जिन्यात आईने तिचा हात धरला. "अगं, नोकरी जाईल तुझी!"

"कशाने? आमच्या गराशिवाय ते कुचकामी आहे. साध्या रंगात घातलं तर रंग जन्मात वाळणार नाही. बसू दे चिकटत."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"तिने कुठे विचारलं?" म्हणत थोरली हसत जिना उतरली होती.

सकाळी शेडमध्ये पिंपं उघडतील. धाकटीला सावध करणं सोपं होतं. पण मग बहिणीचं वाटोळं करायला निघालेली म्हणून थोरली कायमची तुटली असती. ते तिनेच, स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं होतं. तू सांगतेस की मी सांगू, एवढंच विचारायचं ठरवून आईने थोरलीचा नंबर काढला.