होडीची बॅटरी आणि घरचा टीव्ही

नारळी पौर्णिमेला आठ दिवस राहिले होते आणि आमच्या होडीचं इंजिन सेल्फ मारला की नुसतं टिकटिक करत होतं. बॅटरी मेली होती. ती कोणी मारली हे मला पक्कं ठाऊक होतं. मीच.

पावसाळ्यात होडी खाडीकाठी ओढून ठेवली की बॅटरी ओलीत राहू नये म्हणून घरी यायची. नव्वदच्या दशकात नायगावला पावसात वीज गेली की जेवणं उरकली तरी परत येत नसे, आणि आमच्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही होता. पुढचं सांगायला नको. संध्याकाळची मालिका बुडवायची नाही हा माझा नेम. चित्र आक्रसत आक्रसत पोस्टाच्या तिकिटाएवढं होईपर्यंत मी बटण बंद करत नसे. दुसऱ्या दिवशी वालीवच्या कारखान्यात मैत्रिणींना गोष्ट सांगायलाही मीच पुढे.

पण प्रश्न बाबांच्या मनगटाचा होता. मागल्या साली सेल्फ बिघडला म्हणून त्यांनी हँडल मारायला घेतलं, ते उलटं फिरलं आणि मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर काही परत आला नाही. सोबतीला चुलते असत, ते बाबांहूनही थोरले. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत इंजिन बंद पडलं आणि सेल्फ लागला नाही, तर दोघे म्हातारे सरळ समुद्रात. या विचाराने माझी झोप उडाली होती, तरी मी गप्प होते. भित्री होते, दुसरं काय!

रविवारी जुनी बॅटरी रिक्षात घालून आम्ही वालीवच्या दुकानात गेलो. बाबांचं म्हणणं, ट्रकची मोठी घेऊ, तिच्यावर सगळंच चालेल. दुकानदाराने जुनीची बुचं काढली, काचेच्या नळीने एकेका कप्प्यातलं पाणी ओढून पाहिलं आणि मान हलवली. इंजिनाच्या बॅटरीच्या प्लेटा पातळ असतात, तो सांगू लागला. ती एकदम जोर देते नि मोकळी होते. तिला तासन् तास थोडंथोडं पिळलं की संपली, मग ती ट्रकची का असेना. त्या कामाला जाड प्लेटांची वेगळी घ्यावी. मग त्याने विचारलंच, "काका, हिच्यावर रोज काय लावत होतात?"

मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "पावसान टीवी बगतो मी. मना सवय हाय."

बाबा टीव्हीसमोर बसले की पाच मिनिटांत घोरू लागत. एकही मालिका त्यांना धड ठाऊक नव्हती.

होडीला पातळ प्लेटांची आणि घराला जाड प्लेटांची लहान, अशा दोन घेतल्या. परतताना रिक्षात मी सगळं कबूल केलं, खाडीच्या तोंडाची भीतीसुद्धा. टीव्हीचं आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, असं ते बाहेर बघत म्हणाले. मग बोलला का नाहीत म्हणून मीच उलट त्यांच्याशी भांडले.

पौर्णिमेला नारळ वाहून झाला आणि बाबा नि चुलते होडी घेऊन निघाले, मी धक्क्यावर थांबले. सेल्फ पहिल्याच फटक्याला लागला, पण माझा जीव टांगणीलाच होता. धक्क्याला बांधलेल्या होडीचं इंजिन सुरू होणं वेगळं आणि भर पाण्यात वेगळं.

खाडीच्या मध्यावर आवाज एकाएकी थांबला. होडी ओहोटीबरोबर हळूहळू तोंडाकडे सरकू लागली. बाबांनी वळून धक्क्यावर मी कुठे आहे ते पाहिलं, त्या अधू मनगटाचा हात वर केला, मग खाली वाकले, आणि इंजिन पुन्हा धडधडलं.

ते त्यांनी मुद्दाम बंद केलं होतं. मला ऐकवायला.

मी तिथेच धक्क्यावर बसून पोटभर रडले, आणि मग घरी येऊन भात लावला.